नहुआत भाषेचा पाळणा

एल साल्वादोर हें मध्य अमेरिकेंतील पॅसिफिक किनाऱ्यावरचें एक चिमुकलें राष्ट्र. त्याच्या पश्चिम भागांत पिपिल लोकांची नहुआत भाषा शतकानुशतकें नांदत आली. मेक्सिकोंतील नाहुआत्लची ती बहीण. तिकडे जेथें ‘त्ल’ उच्चारतात तेथें इकडे नुसता ‘त’ येतो. भाषांच्या नांवांतच हा भेद दिसतो. मेक्सिकोंतील ‘तोमात्ल’ स्पॅनिश लोकांच्या हातीं लागून ‘टोमॅटो’ या नांवानें मराठी स्वयंपाकघरापर्यंत आला. या दुसऱ्या बहिणीचें नांवहि इकडे फारसें कोणाच्या कानीं आलें नाहीं.

१८८१-८२ च्या कायद्यांनीं तेथील गांवकीच्या जमिनी मोडल्या आणि कॉफीचे मळे पसरले. जानेवारी १९३२ मध्यें शेतकऱ्यांनीं बंड केलें. जनरल मार्तिनेझ यांच्या सरकारनें तें थोड्याच दिवसांत चिरडलें. पण बंदुका थांबल्या नाहींत. त्या प्रकाराला तेथें ‘ला मातान्झा’, म्हणजे कत्तल, असेंच म्हणतात. मृतांचा आंकडा कोणी दहा हजार सांगतात, कोणी तीस हजार. पिपिल पोषाख आणि पिपिल बोली हीच अपराधाची खूण ठरली. स्पॅनिशचें चलन आधींपासूनच वाढत होतें, तेव्हां सारा दोष एका वर्षाच्या माथीं मारणें योग्य नव्हे. तथापि भयानें आईनें लेकराशीं आपल्या भाषेंत बोलणें सोडलें कीं तेथें कायद्याची मनाई करण्याची गरजच उरत नाहीं.

या घटनेच्या थोडें आधीं, १९३० मध्यें, शुल्त्से-येना या जर्मन संशोधकानें इझाल्को येथें नहुआत कथा उतरून घेतल्या होत्या. त्या १९३५ मध्यें जर्मनींत छापून निघाल्या. भाषा ग्रंथांत सुरक्षित झाली. घरांत मात्र ती दबक्या आवाजांत उरली.

मातीच्या तव्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या सांतो दोमिंगो दे गुझमान या गांवीं २०१० मध्यें डॉन बॉस्को विद्यापीठाच्या पुढाकारानें ‘कुना नहुआत’, म्हणजे नहुआतचा पाळणा, सुरू झाला. तेथें तीन ते पांच वर्षांचीं मुलें येतात आणि गांवांतल्याच नहुआत बोलणाऱ्या स्त्रिया त्यांच्याशीं त्या भाषेंत बोलतात, खेळतात, गातात. व्याकरण पाठ करविण्यापेक्षां ही वाट निश्चितच शहाणपणाची. २०१४ मध्यें राज्यघटनेनेंहि मूळ रहिवाशांच्या समाजांना मान्यता दिली.

अडचण आहे ती मधल्या पिढीची. मूल घरीं परततें तेव्हां आईबापांपाशीं बहुधा ही भाषा नसते. पुढें पाळणा सुटतो आणि स्पॅनिश शाळा सुरू होते. घरीं नहुआतमध्यें उत्तर मिळावयाचें तर तें आजीकडूनच. आणि अशा आज्या आतां फार थोड्या उरल्या आहेत.