घरच्या बियांचा झेंडू

 

मृग लागला की घरोघरी बियाणांची बोलणी सुरू होतात. सोयाबीन कुठलं आणायचं, तूर कुठली, खत कधी मिळणार. या बोलण्यात फुलांच्या बियांचं नाव कोणी काढत नाही. आज आपण तेच काढू. परसात झेंडू कसा करायचा आणि त्याचं बी आपल्याच घरात कसं राहील, एवढंच आज बोलायचं आहे.

"फूल काय खायचंय का?" असं बैठकीत कोणीतरी हमखास विचारतं. खायचं नाही, खरं आहे. पण विकत तर घ्यायचं असतंच ना? नवरात्रात घटाला रोज माळ, दसऱ्याला दाराला तोरण, नांगर-विळ्याला फूल, गाडीला हार. आदल्या दिवशी बाजारात गेलं की विकणारा सांगेल तो भाव. हा खर्च कोणाच्या वहीत लिहिलेला नसतो. बऱ्याच घरांत तो बाईनं डब्यात जपून ठेवलेल्या पैशांतूनच जातो. परसात दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा असेल, तर दीड-दीड फुटावर झेंडूची 40 च्या आसपास रोपं बसतात. तेवढ्यात घरचा सण आरामात भागतो.

आता पहिली गोष्ट म्हणजे दिवस मोजणं. झेंडू लावतात पुष्कळ जणी, पण फूल सणाला येत नाही. कुणाचं आधी येऊन संपतं, कुणाचं दसरा झाल्यावर येतं. याचं कारण असं, की आपण पेरणी दरवर्षी ठरलेल्या वेळी करतो आणि सण मात्र दरवर्षी हलतो. बघा, 2023 साली दसरा 24 ऑक्टोबरला होता. 2024 साली 12 ऑक्टोबरला आणि 2025 साली 2 ऑक्टोबरला. यंदा, म्हणजे 2026 साली, अधिक ज्येष्ठ आला, म्हणून दसरा पुन्हा लांबला. तो 20 ऑक्टोबरला आहे आणि घट बसणार 11 ऑक्टोबरला.

साध्या झेंडूला बी टाकल्यापासून फूल यायला 80 ते 90 दिवस लागतात. म्हणून सणाच्या तारखेपासून मागं मोजायचं. आता मृगात बी टाकलं, तर फूल गणपतीला येईल. गणपती यंदा 14 सप्टेंबरला आहेत. घटाला आणि दसऱ्याला फूल हवं असेल, तर बी पुनर्वसू नक्षत्रात टाका. आपण ज्याला तरणा पाऊस म्हणतो तो हा. 6 जुलैपासून तो पुढं दोन आठवडे असतो. एक वाफा आता आणि एक तरण्यात, असं केलं तर दोन्ही सण साधतील. दुकानातून पुडी आणणार असाल, तर त्या जातीला किती दिवस लागतात ते आधी विचारा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा नारंगी' ही जात चांगली आहे, पण तिला सव्वाशेच्या आसपास दिवस लागतात. ती दसऱ्याला हवी असेल, तर तरण्याची वाट बघून चालणार नाही.

दुसरी गोष्ट, बी टाकण्याआधी तपासून घ्या. घरात गेल्या वर्षीचं बी असेल, तर 20 बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. फडकं ओलसर ठेवा आणि सहाव्या दिवशी उघडा. 14-15 बियांना मोड आले, तर बी चांगलं. दहाच्या आत आले, तर दुप्पट टाका. एकही आला नाही, तर निदान वाफ्याची मेहनत तरी वाचली.

पावसाळ्यात रोपं उगवतात आणि आठ दिवसांत बुडाशी सडून आडवी पडतात, ही तक्रार सगळीकडून येते. हे पाणी साचल्यानं होतं. म्हणून सपाट जागेवर बी टाकू नका. वीतभर उंच गादीवाफा करा. जागा नसेल, तर फुटकं घमेलं घ्या, जुना टब घ्या, पण बुडाला भोकं हवीत. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. बी ओळीत, विरळ टाका आणि वर बोटाच्या पेराच्या निम्म्याहून कमी माती पसरा. मुंग्या बी ओढून नेतात, त्यासाठी कडेनं राख टाका. कोंबड्यांसाठी बाभळीच्या काट्या लावा. वर गवत झाकलं असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसताच ते काढा. एक दिवस जरी उशीर झाला, तरी रोपं पिवळी आणि उंचच उंच होतात.

चार-पाच पानं आली, म्हणजे साधारण 25 दिवस झाले, की संध्याकाळी रोप लावा. लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडा खुडला, तर बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं जास्त येतात. मात्र शेंडा खुडला की फूल आठवडाभर पुढं जातं. खुडायचा असेल, तर तरण्याच्या पहिल्याच दोन-तीन दिवसांत बी टाका. उशीर झाला असेल, तर खुडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बी धरणं. दुकानातली संकरित पुडी असेल, तर तिच्या फुलाचं बी पुढच्या वर्षी तसंच फूल देईल याची खात्री नसते. कोणी मोठं येतं, कोणी एकेरी पाकळीचं. म्हणून ती पुडी दरवर्षी घ्यावी लागते. आपला गावरान झेंडू तसा नाही. त्याचं बी धरता येतं. वाफ्यातली सगळ्यात निरोगी, भरपूर फुलांची चार झाडं निवडा आणि त्यांना लाल दोरा बांधा, म्हणजे घरात कोणी चुकून फुलं तोडणार नाही. पावसातली फुलं बियांसाठी ठेवू नका, ती कुजतात. दसरा झाला, पाऊस उघडला की या चार झाडांवरची फुलं तशीच राहू द्या. फुलाखालचा हिरवा पेला तपकिरी होऊन वाळला की फूल काढा आणि आठ दिवस सावलीत वाळवा. आतलं काळं, काडीसारखं, कडक बी ठेवा. मऊ आणि फिकट असेल ते पोचट, ते टाकून द्या. कागदाच्या पुडीत बांधून काचेच्या बरणीत ठेवा आणि पुडीवर रंग आणि महिना लिहा. बरणी चुलीजवळ नको.

झेंडू विकून पैसे मिळतील का, असंही विचारता. मिळतात, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच फुलांना कोणी विचारत नाही. म्हणून यासाठी गटातून कर्ज काढू नका. आधी घरचं भागवा. जास्त येईल ते दहा जणींनी एकत्र करून गावातल्या मंडळाला, दुकानदारांना आधी विचारून, भाव ठरवून द्या. ते पैसे ज्यांच्या परसातले, त्यांच्या नावावर लिहा.

शेवटी एक सुचवते. बी हाताशी येतं ते दिवाळीनंतर, आणि पुढं संक्रांत असते. संक्रांतीला आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, वाट्या देतो. यंदा झेंडूच्या बियांची पुडी देऊ. आणि ती गटातल्या प्रत्येकीला देऊ. आपल्या प्रत्येक गटात नवरा गेलेल्या एक-दोघी असतात. हप्ता त्या वेळेवर भरतात, बैठकीला सगळ्यांच्या आधी येतात आणि हळदीकुंकवाच्या दिवशी घरी बसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, त्यानंतर सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव होईल तेव्हा होईल. त्याआधी आपल्या अंगणात आपण त्यांना बोलावू शकतो. फुलाचं बी कोणाच्या हातून पडलं हे माती विचारत नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. घरात बी आहे का बघा, 20 बिया फडक्यात ठेवा आणि किती उगवल्या ते पुढच्या बैठकीत सांगा. जिच्याकडे बी नाही, तिला शेजारणीनं चिमूटभर द्यावं.