यकृताचा रुग्ण आणि रक्ताचा कागद

रक्ततपासणीचा कागद घरांत आला म्हणजे सर्वांची दृष्टि प्रथम ठळक छापलेल्या आंकड्यांकडे जाते. यकृताच्या रुग्णाच्या कागदावर हे आंकडे पुष्कळदां एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. यांचे असतात. ते चढले कीं घर चिंतेंत पडतें. उतरले कीं देवापुढें साखर ठेवली जाते. परंतु धुरावरून आगीची अटकळ बांधतां आली, तरी घरांत काय शिल्लक उरलें तें त्यावरून कळत नाहीं.

हीं दोन द्रव्यें यकृताच्या पेशींत असतात आणि पेशींस इजा झाली म्हणजे रक्तांत उतरतात. म्हणजे इजा चालू असल्याचें तीं सांगतात. यकृत आपलें काम कितपत करीत आहे हें सांगत नाहींत. सिरॉसिसमध्यें यकृत तंतूंनीं व्यापून कठीण होतें, तरीहि हे आंकडे कित्येकदां मर्यादेच्या आंतच असतात. तेवढ्यावर विसंबून औषध सोडणें ही आत्मवंचना होय.

कामाचा हिशेब पाहावयाचा तर नजर दुसऱ्या ओळींवर नेली पाहिजे. अल्ब्युमिन हें प्रथिन यकृतच तयार करतें. निरोगी माणसाच्या रक्तद्रवांत तें दर १०० मिलिलिटरमागें सुमारें ३.५ ते ५ ग्रॅम असतें. तें रक्तांत कित्येक दिवस टिकतें, म्हणून त्याची घट सावकाश दिसते. रक्त गोठविणारीं कांहीं द्रव्यें मात्र थोड्या तासांतच संपतात. त्यांची कमतरता डॉ. आर्मंड क्विक यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रोथ्रॉम्बिन टाइम या परीक्षेनें लवकर उघड होते. हाच काळ कागदावर आय.एन.आर. या रूपानें दिलेला असतो. तिसरी ओळ बिलिरुबिनची. हें पिवळें द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकणें यकृतास जमेनासें झालें, म्हणजे कावीळ दिसूं लागते. जुन्या विकारांत प्लेटलेट्स १.५ लाखांखालीं उतरत गेल्यास यकृताकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढून प्लीहा मोठी झाल्याचा संशय येतो.

अमेरिकेंत २००२ सालीं यकृतारोपणासाठीं रुग्णांचा क्रम लावण्यास जें गणित स्वीकारलें गेलें, त्यांत बिलिरुबिन, आय.एन.आर. आणि मूत्रपिंडाची स्थिति दाखविणारें क्रिएटिनिन हे तीन आंकडे होते. एस.जी.पी.टी.ला त्यांत स्थान नव्हतें.

तथापि कोणताहि एक आंकडा स्वतंत्रपणें निवाडा देत नाहीं. मूत्रपिंडाच्या विकारानेंहि अल्ब्युमिन घटतें. पित्तनलिका तुंबल्यास ‘के’ जीवनसत्त्व शोषलें न जाऊन रक्त गोठण्यास उशीर लागतो, आणि त्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शननें तो दोष लवकर सुधारतो. यास्तव सर्व कागद तारीखवार लावून ठेवावे, शक्य तों एकाच प्रयोगशाळेंत तपासणी करावी आणि चालू असलेलीं सर्व औषधें, काढे व चूर्णेंसुद्धां, डॉक्टरांस सांगावीं. एका दिवसाच्या आंकड्याहून सहा महिन्यांची चाल अधिक बोलकी असते.

रक्ताची वांती, डांबरासारखा काळा शौच, असंबद्ध बोलणें किंवा दिवसा अनावर झोंप यांपैकीं कांहीं दिसल्यास कागदाची वाट न पाहतां रुग्णालय गाठावें. त्या घटकेस रुग्णाकडे पाहणारे घरचे डोळे हीच पहिली तपासणी होय.