सिनेमाचं लेबल आणि आपली मुलं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला न आलेल्या मैत्रिणींनी मागणी केल्यामुळे इथे देत आहोत.)



आज विषयपत्रिकेवर बँक जोडणी आहे, थकीत कर्ज आहे आणि शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ आहेत. त्यात मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. विषय जरा वेगळा आहे. मारामारीचे सिनेमे आणि त्यांच्यावर मारलेला वयाचा शिक्का. तुम्ही म्हणाल, बचत गटात सिनेमा कुठून आला? पण गटांच्या बैठकांना फिरताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या गावांत विचारला गेला. “ताई, सिनेमावर यूए लिहिलंय, म्हणजे पोरांना चालतो ना?”

या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं एका शब्दात देता येत नाही. का देता येत नाही, तेच आज सांगते.

आधी ही अक्षरं समजून घेऊ. सिनेमागृहात सिनेमा दाखवायचा असेल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आपण त्याला अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतो. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईला आहे. ‘यू’ म्हणजे सगळ्यांनी बघावा असा. ‘ए’ म्हणजे फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी. ‘एस’ हा डॉक्टरांसारख्या ठरावीक लोकांसाठी असतो, तो आपल्याला दिसत नाही. आणि मधला ‘यूए’, म्हणजे पालकांनी विचार करून दाखवावा असा. हा मधला शिक्का १९८३ पासून आहे. आधी त्यात बारा वर्षांची एकच रेघ होती. २०२३ साली कायदा बदलला आणि यूएचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+.

हा बदल चांगलाच आहे. सात वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांना एकाच मापाने कसं मोजणार? पण त्या कायद्यात एक ओळ आहे, ती प्रत्येक आईला माहीत पाहिजे. ए सिनेमाला अठराच्या आतल्या मुलाला दारातच अडवायचं असतं, आईवडील सोबत असले तरी. यूएचं तसं नाही. यूए १६+ असलेल्या सिनेमाला तुम्ही पाच वर्षांचं मूल कडेवर घेऊन गेलात, तर दारावरचा माणूस तुम्हाला अडवू शकत नाही. तो आकडा फक्त पालकांच्या माहितीसाठी आहे, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे दारात कोणी अडवलं नाही याचा अर्थ सिनेमा मुलांना चालतो, असा होत नाही. निर्णय तुमच्या पदरात टाकलेला आहे, आणि बऱ्याच जणींना हे कोणी सांगितलेलंच नाही.

उदाहरण आपल्या जवळचंच घेते. ‘छावा’ सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. छत्रपती संभाजी महाराजांवरचा सिनेमा, म्हणून गावंच्या गावं बघायला गेली. घरातली म्हातारी माणसं गेली, मांडीवरची पोरंही गेली. त्याचं प्रमाणपत्र होतं यूए १६+. महाराजांचे जे हाल झाले ते शेवटच्या भागात दाखवलेत, ते बघताना मोठ्यांना हुंदके आवरत नव्हते. एका गटातल्या आजींनी मला सांगितलं, त्यांचा सहा वर्षांचा नातू त्यानंतर बरेच दिवस रात्री लघवीला एकटा उठत नव्हता. घरातले त्याला ‘भित्रा’ म्हणून चिडवायचे. तायांनो, ते पोर भित्रं नाही. सोळा वर्षांवरच्यांसाठी म्हणून शिक्का मारलेली गोष्ट त्याने सहाव्या वर्षी बघितली, इतकंच.

यावर एका ताईने मला बरोबर प्रश्न केला, “मग पोरांना इतिहास कळायला नको का?” कळायलाच पाहिजे. पण आपल्या आज्या शिवबाची, शंभूराजांची गोष्ट सांगायच्या तेव्हा पडदा कुठे होता? समोर बसलेलं पोर केवढं आहे ते बघून त्या सांगायच्या. लहान्याला गडाची, घोड्याची, हुशारीची गोष्ट. बलिदानाची गोष्ट थोडं मोठं झाल्यावर. आजी पोराचं तोंड बघून थांबायची. सिनेमा थांबत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. समजा आपण शिक्का बघूनच जायचं ठरवलं, तर तो शिक्का तरी सगळीकडे सारखा असतो का? नसतो.

आपल्या गटांचं श्रेणीकरण होतं ना? दप्तर तेच, बैठका तेवढ्याच, पण तपासायला माणूस बदलला की एकाचा ‘अ’ दुसऱ्याचा ‘ब’ होतो, यावरून आपल्याच सभेत किती वाद झालेत. सिनेमाचं तसंच आहे. मंडळाची देशात नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत. मुंबईचा सिनेमा मुंबईत बघितला जातो, चेन्नईचा चेन्नईत, हैदराबादचा हैदराबादेत. प्रत्येक सिनेमाला चार-पाच जणांची वेगळी समिती असते. निर्मात्याला निर्णय पटला नाही तर दुसरी, मोठी समिती बघते. नियम एकच आहेत. पण “हिंसा किती म्हणजे जास्त?” याला तराजू नाही. चटणी एकच असली तरी पाच जणींनी चाखली की एक म्हणते बेताची, दुसरीच्या डोळ्यांतून पाणी येतं.

त्यात पैशाचा भाग आहे. ए शिक्का बसला की घरची मंडळी मुलांना घेऊन येत नाहीत, तिकिटं कमी खपतात. टीव्हीवरही ए सिनेमा तसाच दाखवता येत नाही. त्यामुळे निर्माते यूए मिळवायला धडपडतात. दोन-चार ठिकाणी रक्त कमी करायचं, एखादा वार कापायचा, आणि यूए घ्यायचा. सिनेमाची गोष्ट तीच राहते, माणसं तेवढीच मरतात. आपल्याकडे ‘अ’ श्रेणी मिळाली की पेढे वाटतात, तिकडे ‘ए’ मिळाला की निर्माता कोर्टात जातो!

हे मी गमतीने म्हणत नाही, तसं झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये रजनीकांत यांचा ‘कुली’ हा तमिळ सिनेमा आला. त्याला ए मिळाला. रजनीकांतच्या सिनेमाला पोराबाळांसकट जायची तिकडे रीत, त्यामुळे निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं होतं की ‘केजीएफ’ आणि ‘बीस्ट’ या सिनेमांत याहून जास्त मारामारी असून त्यांना यूए दिला, मग आम्हालाच ए का? न्यायालयाने याचिका फेटाळली, ए कायम राहिला. आपल्याला त्या निर्मात्याशी काही देणंघेणं नाही. पण त्यांच्या तक्रारीतली एक गोष्ट आईने लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिनेमे बनवणारेच कोर्टात सांगतायत की यूए मिळालेल्या सिनेमातही ए सिनेमाइतकी किंवा जास्त हाणामारी असू शकते. मग आपण यूए बघून डोळे झाकून पोराला कसं बसवणार?

आणि हे झालं सिनेमागृहाचं. आपल्यापैकी किती जणी वर्षातून एकदा तरी थिएटरला जातात? हात वर करा. बघा, सहा-सात जणी. आणि घरात मोबाईलवर सिनेमा बघणारी मुलं कितीजणींची आहेत? सगळ्यांचीच.

मोबाईलवरच्या ज्या ॲपमध्ये सिनेमे आणि मालिका असतात, त्यांना २०२१ चे वेगळे नियम आहेत. तिथेही यू, ७+, १३+, १६+ आणि ए असे पाच भाग आहेत. पण तिथल्या वेब मालिकांना शिक्का सरकारी समिती मारत नाही, ती कंपनी स्वतःच मारते. नियमाप्रमाणे १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना पालकांना कुलूप लावता आलं पाहिजे, अशी सोय त्यांनी द्यायची असते. ती सोय आहे, पण आपल्या घरात ते कुलूप लावतं कोण? मुलगाच. आणि किल्ली कोणाकडे? त्याच्याकडेच!

टीव्हीचं सांगते. टीव्हीवर फक्त यू आणि यूए सिनेमेच लागावेत, यासाठी मुंबईच्या एका प्राध्यापिका, प्रतिभा नैथानी, मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या, साधारण वीस वर्षांपूर्वी. न्यायालयाने तसा आदेश दिला. एक बाई उठली आणि साऱ्या चॅनेलांना नियम पाळावा लागला. हे मुद्दाम सांगते, कारण ‘आपल्या बोलण्याने काय होणार’ असं आपण फार लवकर म्हणतो.

आणि रील? रीलला शिक्काच नाही. ‘ॲनिमल’ नावाचा हिंदी सिनेमा डिसेंबर २०२३ मध्ये आला, त्याला ए होता. थिएटरात आठवीतल्या पोराला घेतलं नसतं. पण त्यातले तुकडे आठवीतल्या पोरांच्या मोबाईलवर फिरले. सिनेमा अठराच्या वरचा, तुकडे मात्र सगळ्यांचे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते. मारामारीचा सिनेमा बघून मुलं गुन्हेगार होतात, असं मी म्हणणार नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी ‘शोले’ बघून मोठ्या झाल्यात. पण लहान मूल खरं-खोटं वेगळं करू शकत नाही, ते घाबरतं. आणि वयात येणारा मुलगा पुरुषाने कसं वागायचं ते कुठून तरी उचलतच असतो. शिक्का मारणारे रक्त बघतात, वार मोजतात. नायकाने बायकोला थोबाडीत मारली आणि पुढच्या गाण्यात ती त्याच्याच गळ्यात पडली, तर ते मुलाच्या डोक्यात कसं बसतं, हे त्या एका अक्षरातून आपल्याला कळत नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल. घरात मार खाल्लेल्या बायका आपल्या गटांत आहेत, आपण त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलोय. तोच मार पडद्यावर गंमत म्हणून आला, तर तो आपल्याला ओळखता आला पाहिजे.

मग करायचं काय? मोबाईल हिसकावून घेऊन काही होत नाही, पोरं शेजाऱ्याच्या घरी जाऊन बघतात. मी तीन साध्या गोष्टी सुचवते.

पहिली, शिक्का वाचायचा. सिनेमा सुरू होण्याआधी प्रमाणपत्राचा कागद पडद्यावर येतो, तेव्हा बोलायचं थांबवून त्यावरचं अक्षर आणि आकडा बघायचा. पोस्टरच्या कोपऱ्यातही तो असतो. वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला सांगा. आकडा आपल्या मुलाच्या वयापेक्षा मोठा असेल तर तिथेच ठरवा.

दुसरी, आकडा बरोबर असला तरी आधी कोणाला तरी विचारायचं. बियाणं घेताना आपण पिशवीवरचं वाचतो आणि शेजारणीला “तुझं उगवलं का गं?” हेही विचारतो, तसंच. सिनेमा बघून आलेल्या बाईला तीन प्रश्न विचारा. माणूस मारताना किती वेळ दाखवलाय? लहान मुलावर किंवा बाईवर अत्याचार आहे का? आणि मारणाऱ्याला शेवटी शाबासकी मिळते का? एवढ्यावरून तुम्हाला बोर्डापेक्षा जास्त कळेल, कारण तुमचं पोर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, बोर्डाला नाही.

तिसरी गोष्ट ग्रामसंघाची. गणपतीत, जयंतीला, नवरात्रात गावात पडदा लावून सिनेमा दाखवतात. चांगली गोष्ट आहे, सगळं गाव एकत्र येतं. पण पहिल्या रांगेत सतरंजीवर कोण बसलेलं असतं? सगळ्यात लहान पोरं. म्हणून प्रत्येक ग्रामसंघाने साधा ठराव करावा: गावात सिनेमा लावण्याआधी मंडळाने त्याचा शिक्का माईकवरून सांगावा, आणि यूए १६+ किंवा ए असलेला सिनेमा लहान मुलांसमोर लावू नये. भांडायची गरज नाही. मंडळातली पोरं आपलीच आहेत. पाच जणींनी जाऊन प्रेमाने सांगितलं तर ऐकतात. नाही ऐकलं तर महिला ग्रामसभा आहेच.

शेवटचं एक. मूल घाबरलं, उद्धट झालं, हातात काठी घेऊन हिरोगिरी करायला लागलं की घरात एकच वाक्य येतं, “आईचं लक्ष नाही.” बापाला कोणी विचारत नाही, सिनेमावाल्याला विचारत नाही, शिक्का मारणाऱ्याला तर नाहीच. पण कायद्याने हा निर्णय पालकांवर सोडलाय आणि पालक दोघं असतात. तेव्हा आज घरी गेल्यावर हा विषय फक्त मुलांजवळ काढू नका, त्यांच्या वडिलांजवळही काढा. रात्री नऊला जेवणं झाल्यावर मोबाईलवर मारामारीचा सिनेमा लावून पोराला मांडीवर घेऊन कोण बसतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

ठरावाचा नमुना मी लिहून आणलाय, सीआरपी ताईंकडे प्रती दिल्यात. पुढच्या मासिक सभेत कोणत्या ग्रामसंघाने ठराव घेतला ते इतिवृत्तात नोंदवू. आता थकीत कर्जाचा विषय घेऊ, त्याला मात्र यूए नाही, तो सगळ्यांनीच ऐकायचा आहे.