कान्ह नदी आणि काळी माती



एका शिक्षकाच्या पुण्यस्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. शिक्षकाचे स्मरण त्याच्या गौरवापेक्षा त्याने लावलेल्या सवयीतून अधिक चांगले होते, आणि प्रश्न विचारण्याची सवय ही त्यांतली पहिली. म्हणून आज एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. आपण वापरून टाकलेले पाणी पुढे कोठे जाते, आणि तेथे ते काय करते? ज्या देवतेच्या नावाने हा आपला परिसर ओळखला जातो ती अन्नाची देवता आहे. अन्न माती आणि पाणी यांच्या संयोगातून येते. तेव्हा हा प्रश्न येथे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शहरातूनच वाहते. लोक जिला खान म्हणतात आणि सरकारी कागदपत्रांत जी कान्ह आहे, ती नदी लालबाग राजवाड्याच्या आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या कडेने जाते. शहरातच तिला सरस्वती मिळते. पुढे ती कबीटखेडी, सांवेर या बाजूने उत्तरेकडे वाहत उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत विलीन होते. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला मिळते. म्हणजे इंदूरच्या मोरीतले पाणी तत्त्वतः प्रयागापर्यंतचा प्रवास करते.

या नदीची काळजी वाहणारे पूर्वी नव्हते असे नाही. सर पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला नगररचनेचा द्विखंडात्मक अहवाल सादर केला. नदीकाठ स्वच्छ करून तेथे बागा कराव्यात आणि शहराचा मैला नदीत सोडण्याऐवजी मातीकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर काही वर्षांनी, १९२४ मध्ये, सर अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांच्या साहाय्याने येथे जी वनस्पतिसंशोधन संस्था उभी राहिली, तिचे ते प्रमुख होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, हवा व ओलावा राखून, वेळोवेळी उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत त्यांनी येथे सिद्ध केली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यासंबंधीच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या रसायनशास्त्रज्ञांचेही नाव आहे, हे आपण विसरू नये. जमिनीतून आलेले जमिनीला परत द्यावे, हा धडा जगाने आपल्या गावाच्या नावाने गिरवला.

मग आपल्याच नदीचा नाला कसा झाला? एक कारण आपल्या यशात दडलेले आहे. १९७० साली इंदूरच्या नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८ मध्ये जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरांवरून, विंध्याद्री चढून ते पाणी शहरात आले. तहान भागली. परंतु शहर जेवढे पाणी वापरते त्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असे अभियंते योजना आखताना धरतात. नर्मदा नळाने घरात आली आणि मोरीने कान्हेत गेली. पाणी आणण्याची जेवढी आच होती, तेवढी ते परत करण्याची राहिली नाही. त्यातच वस्ती वाढली, सांवेर रस्त्यावर कारखाने उभे राहिले आणि घरातल्या मैल्यात रसायने मिसळू लागली.

हे मिसळणे हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. हॉवर्ड यांच्या खड्ड्यात जे पडत होते ते सारे कुजणारे होते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे धातू कुजत नाहीत. पाण्याबरोबर शेतात आले की ते तेथेच साठतात आणि पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांच्या वाटेने ताटात येतात. साबणचुऱ्यातला आणि कारखान्यांतल्या क्षारांतला सोडियम तर माळव्याच्या काळ्या मातीचा वैरीच. या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, त्यातच तिचा श्वासोच्छ्वास आहे. सोडियम वाढला की तिचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. सांडपाण्यातल्या जादा नत्राने पीक हिरवेगार दिसते, पण लोळते आणि दाणा कमी भरतो. उरलेले नत्र नायट्रेट होऊन खाली जाते. आपल्याखाली बेसॉल्टचा खडक आहे. त्याच्या भेगांतून हे पाणी विहिरीत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, अशी आपल्याकडील मर्यादा आहे. ती ओलांडली गेल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते.

नदीकाठचा शेतकरी हे पाणी अजाणतेपणी घेतो असे समजू नका. उन्हाळ्यात विहीर आटते, कान्ह मात्र आटत नाही, कारण तिला शहर पाणी पुरवते. बारमाही पाणी आणि फुकटचे नत्र यांचा मोह गरिबाला टाळता येत नाही. त्याच्या पायांना खाज सुटते आणि गुरांनाही तेच पाणी प्यावे लागते. त्याची भाजी पहाटे शहराच्या मंडीत येते, आणि जे आपण नजरेआड केले ते आपल्याच स्वयंपाकघरात परत येते. उज्जैनच्या भाविकांचे दुःख वेगळे. २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हेचे पाणी स्नानाच्या घाटांपासून दूर ठेवावे म्हणून सुमारे १९ किलोमीटर लांबीची वाहिनी टाकून ते शहराला वळसा घालून पुढे सोडावे लागले. त्याआधी २०१४ मध्ये क्षिप्रेत नर्मदेचे पाणी आणले गेले होते. एक नदी लपवायची आणि दुसरी उसनी आणायची, हा उपाय निकडीचा असेल, पण तो शुद्धीकरण नव्हे.

न्यायाने सांगायचे तर इंदूरने पुष्कळ केले. नदीनाल्यांत उघडी पडणारी सात हजारांवर तोंडे बंद करून २०२१ साली हे शहर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. सिरपूरचा तलाव आणि यशवंतसागर २०२२ मध्ये रामसर यादीत आले. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यात तर येथील गृहिणींनी देशाला वाट दाखविली.

परंतु डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. अनेकांचे प्राण गेले आणि शेकडो लोक रुग्णालयात पोहोचले. स्वच्छतेचे मानचिन्ह मिरवणाऱ्या शहराच्या जमिनीखाली काय चालले होते, ते त्या दिवसांत उघड झाले. रस्ता डोळ्यांना दिसतो, म्हणून तो झाडला जातो. नळ आणि गटार यांच्यातले अंतर दिसत नाही, म्हणून त्याची चौकशी तक्रारींनंतरही उशिरा होते.

तेव्हा जे आपण कचऱ्याबाबत शिकलो तेच पाण्याबाबत शिकावयाचे आहे: मिसळू द्यायचे नाही. कारखान्याचे पाणी कारखान्याच्या आवारातच शुद्ध व्हावे, ते घरगुती मैल्यात येऊ नये. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने तसे करण्याचे अधिकार दिलेले आहेत. घरगुती सांडपाणी शुद्ध करून, तपासून, मगच शेतीला द्यावे, म्हणजे त्यातले नत्र विष न ठरता खत ठरेल. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत शहराच्या सांडपाण्यावर मासे आणि भाजी पिकविण्याची परंपरा आहे. माळव्यालाही आपली रीत शोधता येईल. आणि जलवाहिनी व मलवाहिनी जेथे जवळ येतात, त्या प्रत्येक जागेचा नकाशा प्रभागातल्या नागरिकाला पाहता आला पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, मलदूषित पाणी ओळखण्यासाठी एक स्वस्त बाटली मिळते. तीत पाणी भरून दीड-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर त्यात मैला मिसळला आहे असा संशय घ्यावा. शाळेच्या प्रयोगशाळेने पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस आसपासच्या वस्त्यांतले पाणी असे तपासून त्याची वही ठेवावी. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, वैद्य आहेत, प्रशासकही आहेत. त्यांनी ती वही वाचावी आणि ज्यांच्याकडे न्यावयास हवी त्यांच्याकडे न्यावी. तक्रार करणाऱ्या गृहिणीच्या हातात पुरावा असला की तिचे म्हणणे सहजी बाजूला सारता येत नाही.

खत कसे करावे हे इंदूरने एकदा जगाला शिकविले. सांवेरच्या शेतकऱ्याला आणि उज्जैनच्या यात्रेकरूला स्वच्छ पाणी पुढे पाठविणे हे त्या शिकवणीचेच उरलेले अर्धे काम आहे. ते या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून घडो, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.