वारंवार बिघडणारा डायनमो
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात धार येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा असा रिवाज आहे. तो माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य पाळला आहे. मी मात्र संस्थेच्या एका फजितीची हकीकत सांगावयास उभा आहे. त्या फजितीत माझा वाटा मोठा आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

विषय आहे आपल्या रुग्णवाहिकेचा डायनमो. त्याचे बरोबर नाव अल्टरनेटर. परंतु आपल्याकडचे मिस्त्री अजूनही त्यास डायनमोच म्हणतात. जुन्या अॅम्बॅसेडर आणि फियाट गाड्यांना खरोखरीचा डायनमो असे. अल्टरनेटर ही त्याची पुढची पिढी. तो उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो, आणि बॅटरीला तर एकाच दिशेची वीज लागते. म्हणून त्याच्या पोटात डायोड बसविलेले असतात, बहुधा सहा. डायोड म्हणजे विजेची एकेरी वाट. वीज एका बाजूने जाऊ द्यावयाची, परत येऊ द्यावयाची नाही. शिवाय आत फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचविणारे दोन कार्बन ब्रश असतात आणि दाब ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर असतो. एवढी ओळख आजच्या कामापुरती पुरे.

आपल्या गाडीचा मूळ डायनमो पुष्कळ वर्षे चालला. मग इंजिनाचे मोठे काम निघाले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो बंद पडला. नवा घ्यावयाचा तर पैसा फार. म्हणून आम्ही दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, ज्याला बाजारात रिबिल्ट म्हणतात, तो बसविला. तो दोन महिने टिकला. दुसरा पंधरा दिवसांत गेला. तिसरा तीन महिने चालला. चौथा गेला तो पावसाळ्यातल्या एका रात्री, धारहून इंदूरला जाताना, घाटाबिल्लोदच्या अलीकडे.

गाडीत आपल्याच समाजातील एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना श्वासाचा त्रास होत होता. प्रथम दिवे मंदावले, मग वायपर थांबले, मग अंधार. चाळीस मिनिटे ती मंडळी पावसात रस्त्याच्या कडेला होती. अखेर एका टेम्पोवाल्याने स्वतःच्या बॅटरीची वायर जोडून देऊन त्यांना मार्गी लावले. रुग्ण वेळेवर पोहोचले आणि बरे होऊन घरी आले, ही ईश्वराची कृपा. यात आमची कर्तबगारी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. कोणी म्हणाले, दुरुस्त केलेला माल असाच असावयाचा. कोणी म्हणाले, गाडी विकून टाका. आणि मी म्हणालो की, ड्रायव्हर निष्काळजी आहे, दुरुस्तीचा निम्मा खर्च त्याच्या पगारातून कापावा. हे माझेच शब्द आहेत. ठरावही झाला असता, पण खजिनदारांनी आठ दिवसांची मुदत मागितली आणि मला म्हणाले, “आपण कारखान्यात उमेद घालविलीत. आधी बघा तरी काय झाले ते.”

मग मी चारही डायनमोंचे निकामी भाग मागवून घरच्या पडवीत एका कागदावर ओळीने मांडले. आजवर आम्ही ते एकत्र कधी पाहिलेच नव्हते. पहिल्याचे ब्रश गेले म्हणून ब्रश बदलले, दुसऱ्याचे डायोड गेले म्हणून डायोड बदलले. दर खेपेस भाग निराळा, म्हणून रोगही निराळा असे आम्ही धरून चाललो. शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की, चारांपैकी तीन तेलाने माखलेले आहेत. ब्रशांवर तेल आणि कार्बनची भुकटी मिळून काळा चिखल झाला होता.

डायनमोत तेल आले कोठून? पुष्कळ डिझेल गाड्यांत डायनमोच्याच पाठीमागे, त्याच दांड्यावर, एक व्हॅक्यूम पंप बसविलेला असतो. ब्रेक हलका लागावा यासाठी लागणारी हवेची पोकळी हा पंप करतो. त्याला इंजिनातून तेल मिळते आणि काम झाल्यावर ते एका नळीने इंजिनात परत जाते. पंप आणि डायनमो यांच्यामध्ये एक छोटे ऑइल सील असते. आमच्या गाडीची ही परतीची नळी इंजिनाच्या त्या मोठ्या कामात एका क्लॅम्पपाशी दुमडली गेली होती. तेलाला परत जाण्यास वाट नाही. ते पंपात साठे आणि सीलवर दाब देऊन डायनमोत उतरे. सील नवे घातले तरी महिन्या-दोन महिन्यांत तेच.

देवासच्या मंडळींना मी एक आठवण देतो. एकाच गावात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत नांदत होती. गाव एक, दरबार दोन. आमच्या गाडीतही तसेच दोन दरबार होते. डायनमो वायरमनचा आणि पंप डिझेल मिस्त्रीचा. वायरमन म्हणे, माझे काम चोख आहे. मिस्त्री म्हणे, पंप माझा आहे, विजेचे मला विचारू नका. दोघेही आपापल्या हद्दीत प्रामाणिक होते. मधले चार आण्यांचे सील मात्र कोणाच्याच राज्यात नव्हते.

आता दुसऱ्या डायनमोविषयी. तो तेलाने नव्हे, डायोड जळून गेला होता. त्याचे कारण आमच्या डोळ्यांदेखत घडत होते. डायनमो बसवून झाला की इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढावयाची. इंजिन बंद पडले नाही तर डायनमो चांगला, अशी परीक्षा होत असे. जुन्या डायनमोच्या काळातली ही सवय. अल्टरनेटरच्या बाबतीत ती घातक आहे. बॅटरी ही विजेचे धक्के पोटात घेणारी असते. ती एकाएकी दूर केली की दाब क्षणभर भलताच उसळतो, आणि डायोड किंवा रेग्युलेटर जायबंदी होतो. त्याच क्षणी मेला नाही तरी पंधरा दिवसांत मरतो.

खरी परीक्षा साध्या मल्टीमीटरने होते. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी, गाडी काही तास उभी असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ यावेत. मग दिवे, पंखा, वायपर सारे चालू करून पुन्हा पाहावे. आमच्या गाडीत डायनमोच्या टोकाशी १४.२ होते, पण बॅटरीवर १३.१ च, म्हणजे एक व्होल्टहून अधिक दाब वाटेतच हरवत होता. इंजिनाकडून चासीला येणारी अर्थची पट्टी गंजली होती आणि एक टर्मिनल सैल होते. बॅटरी कधी पुरती भरत नसे. त्यात तिचा एक सेल निकामी झालेला. डायनमो भरलेल्या बॅटरीची झीज भरून काढण्यासाठी असतो. मेलेल्या बॅटरीला तासन्‌तास पाजत राहिला की तो तापतो, आणि उष्णता हीच डायोडची वैरीण.

धार जिल्ह्यातच, पीथमपूरला, ११.३ किलोमीटर लांबीची वेगवान चाचणी-पट्टी आहे. तिचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. मोटारी प्रत्यक्ष पळवून पारखावयाच्या हाच तिचा हेतू. आपल्याला पट्टी नको. पण नवा भाग बसविल्यावर गाडी तापू द्यावी, सारा भार चालू करावा, अर्धा तास चालवावी आणि मग आकडा पाहावा, एवढे तर करता येते.

पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. वायरमन आणि मिस्त्री यांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलाविले. नळी बदलली, सील बदलले, अर्थची पट्टी घासून घट्ट केली, बॅटरी नवी घेतली, पट्ट्याचा ताण पाहिला. सैल पट्टा घसरतो आणि अति ताणलेला बेअरिंग खातो, हेही ध्यानी असावे. मग पाचवा डायनमो बसविला. तोही दुरुस्त केलेलाच होता, आणि पूर्वीच्याच कारागिराकडचा. त्यास आज दोन वर्षे उलटून गेली. तेव्हा दुरुस्त केलेल्या वस्तूला आणि ती करणाऱ्याला आम्ही जे बोललो, ते अन्यायाचे होते. काटकसरीत चूक नव्हती. रोग तसाच ठेवून भाग बदलीत राहिलो, ही चूक.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसरा डायनमो बसविण्याच्याही आधी आपल्या ड्रायव्हरभाऊंनी मला सांगितले होते, “काका, ब्रेक जड लागतो आहे.” मी म्हणालो, डायनमोचे आधी होऊ द्या, ब्रेकचे मागाहून पाहू. वस्तुतः ती एकच तक्रार होती. पंप तेलाने तुंबला म्हणून ब्रेक जड, आणि तुंबलेले तेल उतरले म्हणून डायनमो बंद. रोगाचे नाव त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितले होते. मी ऐकले नाही, आणि पुढे त्यांचाच पगार कापावयास निघालो. जड ब्रेकची ती गाडी रुग्णांना घेऊन चार-पाच महिने इंदूरच्या रस्त्यावर धावत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

त्यानंतर गाडीत एक वही ठेवली आहे. ड्रायव्हरला जे जाणवेल ते, विजेचे असो वा ब्रेकचे, तारखेसह लिहिले जाते, आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी मागची पाने वाचली जातात. या वहीचा खर्च तीस रुपये आहे. चार डायनमोंवर किती गेले, ते खजिनदारांना विचारावे.

ड्रायव्हरभाऊ आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्या वेळी खाजगीत त्यांची क्षमा मागितली होती. आरोप सभेत केला होता, म्हणून क्षमाही सभेतच मागतो. भाऊ, चूक माझी होती.