किती वेळ थांबावे?

संगणकातील एकच कार्यक्रम शेकडो ग्राहकांशी एकाच वेळी बोलतो, तो कसा? तो कोणा एकापाशी थांबत नाही. ‘कोणाकडून काही आले काय?’ असे यंत्रणेला विचारतो, आलेले काम उरकतो आणि पुन्हा विचारतो. या फेऱ्यालाच घटनाचक्र म्हणावे. १९८३ साली बर्कलेच्या युनिक्समध्ये आलेली ‘सिलेक्ट’ ही सोय अशाच विचारणेसाठी आहे.

परंतु कोणीच बोलले नाही तर? म्हणून सिलेक्टला मुदत सांगता येते. मुदत शून्य दिली, तर यंत्र निष्कारण गरगरत राहते. मुळीच न दिली, तर ते अनंतकाळ वाट पाहते. तेव्हा प्रलंबित मुदतींपैकी सर्वांत जवळची शोधावी आणि ती येईपर्यंतच थांबावे.

खरी मेख पुढेच आहे. एक अक्षर येताच दहा सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो, तर दर नऊ सेकंदांनी एकेक अक्षर धाडणारा ग्राहक जागा कायमची अडवून बसेल. यास्तव अवधी नव्हे, तर अंतिम क्षण लक्षात ठेवावा आणि उरलेला वेळ प्रत्येक फेरीस नव्याने काढावा. तोही भिंतीवरच्या घड्याळावरून नव्हे, कारण ते मागेपुढे करता येते. यंत्रात केवळ पुढेच जाणारे घड्याळ असते. तेच प्रमाण मानावे.

आणि मुदत टळली म्हणजे काम झाले नाही, असे समजू नये. पैसे धाडण्याची आज्ञा पार पडून केवळ उत्तरच वाटेत अडकले असेल. आधी चौकशी करावी, मगच आज्ञा पुन्हा द्यावी.