नळ, मोरी आणि अंदाजपत्रक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवरची व्याख्याने आपण ऐकत आला आहात. आज आम्ही आपल्यापुढे दवाखान्यातील नळ, संडास आणि मोरी हा विषय घेऊन उभे आहोत. विषयाला प्रतिष्ठा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु आजाऱ्याच्या समाचाराला सरकारी दवाखान्यात गेल्यावर नाकाला पदर किंवा रुमाल लावला नाही, असा माणूस या सभेत शोधूनही सापडायचा नाही. तेव्हा विषय परका आहे असे कोणी म्हणणार नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे, इंजिनीयरही नव्हे. संघटनेच्या कामात आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता हा विषय आमच्या पदरात पडला. एका रुग्णालयात कंत्राटदाराने दोन महिने फिनेल पुरवले नाही. वॉर्ड अस्वच्छ राहिला म्हणून मेमो मात्र झाडणाऱ्या बाईला मिळाला. तेव्हापासून आम्ही विचारू लागलो, की दवाखान्याच्या स्वच्छतेचा पैसा येतो कोठून, जातो कोणाच्या हातून आणि संपतो कोठे?

प्रथम थोडा इतिहास पाहू. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने स्त्रिया कितीतरी अधिक मरत. प्रेतांची चिरफाड करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागतात, हे त्याने ओळखले आणि मे १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले. ही गोष्ट डॉक्टरांच्या पुस्तकात असते. आमच्यासारख्याला तिच्यात आणखी एक प्रश्न दिसतो. ते पाण्याचे भांडे रोज कोण भरून ठेवीत असे? शोध एकाचा असतो, पण भांडे रोज भरावे लागते.

दुसरे उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात हातात दिवा घेऊन फिरणारी बाई आपण शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्यात रॉलिन्सन नावाचा इंजिनीयर होता. त्यांनी तुंबलेली गटारे वाहती केली, मेलेली जनावरे उचलली, भिंतींना चुना मारला, हवा खेळती केली. हवामान निवळले, गर्दीही घटली. आणि जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ वर आले. बाईंनी स्वतः पुढे आकडे मांडून स्वच्छतेचेच महत्त्व जगाला पटविले. आपण मात्र दिवा लक्षात ठेवला आणि गटार विसरलो.

आता आजचे पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१९ मध्ये पहिल्यांदा सर्व जगाचा हिशेब मांडला. २०१६ च्या माहितीनुसार जगातील दर चार दवाखान्यांपैकी एकाच्या आवारात पाण्याची साधी, भरवशाची सोयही नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने दवाखान्यांतील पाणी व स्वच्छता यांविषयी स्वतंत्र ठराव केला. ठराव चांगला आहे. परंतु आम्ही जन्मभर ठराव करीत आलो आहोत, आणि ज्या ठरावापाठोपाठ पैसा येत नाही त्याची किंमत आम्हांस ठाऊक आहे.

तेव्हा पैशाकडे वळू. पण त्याआधी पाण्याचे गणित करू. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे असते. भारतीय मानकाप्रमाणे शंभरपर्यंत खाटांच्या रुग्णालयाला, कपडे धुण्याच्या पाण्यासह, दर खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी लागते. म्हणजे ३० खाटांना १०,२०० लिटर. दोन दिवसांचा साठा ठेवायचा तर टाकी २०,४०० लिटरांची हवी. उन्हाळ्यात नळ आटला तर दहा हजार लिटरांचा एक टँकर रोज उभा राहिला पाहिजे. हा टँकर मार्चच्या अंदाजपत्रकात धरला नसेल, तर मे महिन्यात तो येणार कोठून? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. ज्या प्रदेशात शहरावर ही वेळ येते, तेथे दवाखान्याचे पाणी दैवावर सोडता येत नाही.

टंचाईतही काही आकडे सुटता कामा नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मानकांत दाखल रुग्णामागे रोज ४० ते ६० लिटर, बाह्यरुग्णाच्या प्रत्येक तपासणीमागे ५ लिटर आणि प्रत्येक बाळंतपणाला वा शस्त्रक्रियेला १०० लिटर असे किमान प्रमाण दिले आहे. वीस रुग्णांमागे एक संडास, आणि बाह्यरुग्ण विभागात पुरुष, स्त्रिया, मुले व कर्मचारी यांच्यासाठी निदान चार. म्हणजे आपल्या ३० खाटांना कमीत कमी सहा. आपण मोजून पाहावेत. आणि मोजताना, कुलूप लावलेले कोणते आणि पाणी येते ते कोणते, हेही पाहावे.

योजना कशी करावी, याचीही पद्धत ठरून गेली आहे आणि ती कोणाही गृहिणीला समजेल अशी आहे. प्रथम डॉक्टर, परिचारिका, नळकारागीर आणि सफाई कामगार यांची एक लहान मंडळी बसवावी. तिने टाकीपासून शोषखड्ड्यापर्यंत चालत जाऊन पाहणी करावी. सापडलेल्या उणिवांची धोक्याप्रमाणे प्रतवारी लावावी. प्रसूतिगृहातील बेसिनाला पाणी नसणे आणि फाटकाचा रंग उडणे, या दोन्ही उणिवा खऱ्या. पण पैसा आधी कोठे जावा हे सांगायला पंडित लागत नाही. मग प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव, तारीख आणि रक्कम लिहावी. आणि काही महिन्यांनी तीच मंडळी पुन्हा त्याच वाटेने चालत जावी. या मंडळीत सफाई कामगाराला खुर्ची मिळाली पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. कोणती मोरी कोणत्या वारी तुंबते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असते?

आता खर्च. खर्च दोन जातींचा असतो: एक बांधण्याचा, दुसरा चालविण्याचा. बांधण्याच्या खर्चाला कोनशिला असते, नारळ असतो, पाहुणे असतात. चालविण्याच्या खर्चाला यांतले काहीच नसते. त्यात पंपाची वीज असते, नळाचा वॉशर असतो, टी.सी.एल. पावडर असते, साबण असतो आणि माणसाचा पगार असतो. टी.सी.एल. पावडरीचे पोते उघडे राहिले की तिचा जोर उतरतो. म्हणून ती वेळच्या वेळी ताजी घ्यावी लागते आणि पाण्याची ओ.टी. चाचणी करून क्लोरिन उरला की नाही ते पाहावे लागते. हे एकदा करून भागत नाही.

जगातील ४६ अतिमागास देशांच्या सरकारी दवाखान्यांत पाणी, स्वच्छता आणि कचऱ्याची प्राथमिक सोय करण्यास किती खर्च येईल, याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ ते २०३० या काळासाठी तो ६५० कोटी ते ९६० कोटी डॉलर निघाला. माणशी वर्षाला डॉलरच्या तीनपंचमांशाइतका. आपला देश त्या यादीत नाही. पण त्यातील एक गोष्ट आपण घ्यावी. बांधण्याचा खर्च २९० ते ४८० कोटी, आणि चालविण्याचा ३६० ते ४८० कोटी. म्हणजे चालविण्याचा खर्च बांधण्याच्या खर्चाहून कमी नाही. घरात सून आणायची आणि तिच्या जेवणाची तरतूद करायची नाही, तसे आपण इमारतींचे करतो.

आपल्याकडे वाटा आहेत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यातून रुग्ण कल्याण समित्या उभ्या राहिल्या आणि स्थानिक गरजेप्रमाणे खर्चता येईल असा निधी त्यांच्या हाती आला. मे २०१५ मध्ये केंद्र सरकारने 'कायाकल्प' योजना आणली. स्वच्छतेच्या तपासणीत निदान शेकडा ७० गुण मिळविणाऱ्या दवाखान्यांसाठी बक्षिसे ठेवली. तिने पुष्कळ ठिकाणी झाडू हलविला, हे मान्य केले पाहिजे. परंतु बक्षीस हे वेतन नव्हे. जो दवाखाना पहिल्यापासून कोरडा आहे, तो सत्तर गुणांपर्यंत पोहोचणार कसा? ज्याला पाणी नाही त्याला आधी पाणी द्यावे आणि मग परीक्षा घ्यावी.

आणि सर्वांत शेवटी माणूस. १८९७ च्या प्लेगात गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गेले. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले पुण्याजवळ गेल्या. आजाऱ्याजवळ जो जातो तो धोका अंगावर घेतो, हे तेव्हा खरे होते आणि आजही आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांची वाटणी ठरविली. पण सुई चुकीच्या पिशवीत पडली की ती टोचते उचलणाऱ्याच्या हाताला. त्याला जाड हातमोजे, काविळीची लस आणि कायमची नोकरी मिळणे हाही स्वच्छतेच्या योजनेचाच भाग आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून मैल्याच्या टाकीत माणूस उतरविणे गुन्हा ठरविले आहे. दवाखान्याच्या आवारातली टाकी त्याला अपवाद नाही. जो कंत्राटदार सर्वांत कमी रकमेची निविदा भरतो, तो ती रक्कम साबणातून आणि पगारातूनच काढतो. दुसरे ठिकाण त्याला नाही.

आपण शहरवासी काय करू शकता? आपल्या जवळच्या दवाखान्यात जावे आणि चार प्रश्न विचारावेत. रोज पाणी किती लागते आणि किती येते? पाणी व स्वच्छता यांच्या देखभालीसाठी यंदा वेगळी रक्कम धरली आहे काय? रुग्ण कल्याण समितीची बैठक शेवटी केव्हा झाली? आणि झाडणाऱ्या माणसाचा पगार गेल्या महिन्यात कोणत्या तारखेस झाला? उत्तरे मिळाली तर लिहून घ्यावीत. न मिळाली तर नगरसेवकाला, जिल्हा परिषदेच्या सदस्याला आणि आमदाराला विचारावीत. तीही अंदाजपत्रक ठरण्याआधी. मार्चनंतर विचारलेल्या प्रश्नाला पुढच्या वर्षाचे आश्वासन मिळते, आणि आश्वासनाने हात धुता येत नाहीत.